हात विसरू नये म्हणून

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा प्रथम लसीकरणावरच लिहावे असे मनात आले. परंतु त्या विषयावर आपण सारे वर्षभर बोलतच असतो. म्हणून यंदा दवाखान्याबाहेरच्या एका जुन्या नादाविषयी लिहितो. हा नाद खाडीत गळ टाकून मासे गरवण्याचा. तो मला वडिलांकडून लाभला.

वडीलही डॉक्टर. गोव्यातील एका खाडीकाठच्या गावात त्यांनी आयुष्यभर वैद्यकी केली. त्यांचे दोन छंद होते : थंडीत रान आणि उरलेले वर्ष खाडी. त्या काळी परवाना घेऊन रानडुकराची शिकार करता येत असे. भातकापणी उरकली की बाराबोअरची बंदूक बाहेर निघे आणि गळ-दोरी माळ्यावर जाई. शिमग्याच्या सुमारास ते पुन्हा खाडीवर जात, तेव्हा मासा आमिष अलगद टिपून नेई आणि वडिलांचा हिसका उशिरा पडे. शेजारी बसलेला एक म्हातारा गरवणारा हसून म्हणे, "दोतोर, तुमचो हात विसरलो!"

हे बोलणे वडिलांना चांगलेच झोंबले. पुढच्या वर्षापासून त्यांनी नियम केला : शिकारीच्या दिवसांतही आठवड्यातील एक ओहोटी खाडीसाठी राखून ठेवायची, मासा मिळो वा न मिळो. रानात डोळे आणि कान लागतात, गळाला बोटांची जाणीव लागते. एकाचा सराव दुसऱ्याच्या कामी येत नाही, असे ते सांगत. धीर तेवढा दोन्हींकडे सारखाच लागतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि परवान्याची शिकारही संपली. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होतो. वडिलांनी बंदुकीला तेलपाणी केले आणि ती कपाटात ठेवली. "रानाला उसंत मिळाली, बरे झाले," एवढेच ते बोलले. पुढची दोन वर्षे मात्र थंडी पडली की ते अंगणात उगाच येरझारा घालीत. त्यानंतर बाराही महिने त्यांची खाडीच झाली.

मला रानाचा मोह कधीच नव्हता. पण बालरोगतज्ज्ञाचाही एक हंगाम असतो, तो म्हणजे पावसाळा. ताप, जुलाब, दमा, डेंग्यू यांनी दवाखाना रात्री उशिरापर्यंत भरलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते, आणि खाडीचे पाणीही गढूळ होऊन गोडावते. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी गळाला हात लावीत नसे. वडिलांचा नियम मला ठाऊक होता, तो पाळायला मात्र सवड नव्हती.

काही वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात त्याची किंमत मोजली. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांना बांधावर खुर्ची टाकून बसवले होते. ओहोटीला मानशीच्या दारातून खाजणातले पाणी बाहेर पडते, त्यासोबत सुंगटे आणि बारीक मासळी येते, आणि त्यांची वाट पाहत चोणक दबा धरून असतो. जिवंत सुंगट लावून गळ टाकला. थोड्याच वेळात दोरी सरसरत गेली आणि एक थोरला चोणक पाण्याबाहेर उसळला. वडील खुर्चीतून अर्धे उठले. दुसऱ्या उसळीला दोरी सैल पडली.

टोक हाती घेऊन पाहिले, तर ते डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे झालेले. वडिलांनीही ते पाहिले. "दोरी तुटली नाही, गाठ सुटली," ते म्हणाले. निदान अचूक होते. कल्ल्याच्या धारदार कडेने दोरी कापली असती, तर तो माशाचा विजय म्हटला असता. इथे घाईने, कोरडीच आवळलेली गाठ निसटली होती, आणि तो जीव माझ्या निष्काळजीपणाचा गळ तोंडात घेऊन गेला. त्यानंतर वडील बांधावर आले नाहीत. त्याच पौषात ते गेले.

तेव्हापासून पावसाळ्यातही मी नियम पाळतो. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे गाठी मारतो; आवळण्यापूर्वी गाठ ओली करतो, कारण घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते. उन्हाने निबर झालेली दोरी दरवर्षी बदलतो. चक्रीचा ताण दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई इतका ठेवतो आणि तो हाताने नव्हे, ताणकाट्याने मोजतो. रविवारी अंगणात गळाविना शिसे बांधून बादलीत फेकतो. सौभाग्यवतींच्या कुंड्या एकदाच फुटल्या आहेत. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. स्थळानुसार तीत फरक पडतो, पण ती मनात चालू ठेवतो. अष्टमीच्या भांगाला पाण्याची ओढ कमी असते, तेव्हा पाऊस उघडला तर तासभर बांधावर जातो. बहुतेक वेळा रिकामाच परततो.

आणखी एक शिकलो. चोणक आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणून मोठा मासा लागला की तो माघारी सोडतो.

मित्रहो, ताटातल्या मासळीसाठी हा खटाटोप नाही. ती बाजारात मिळते. परंतु तान्ह्या बाळाची केसाएवढी शीर शोधताना चार महिने काम न केलेल्या बोटांना काय होते, हे आपण जाणतोच. रजेवरून परतल्यावर पहिली सुई टोचताना मला आजही ते वेटोळे दिसते, आणि मी क्षणभर थांबतो.

परवाना रद्द होऊन वडिलांची बंदूक जमा झाली. त्यांची गळाची पेटी माझ्याकडे आहे. येत्या ऑक्टोबरात एखाद्या ओहोटीला कोणी सोबत येणार असेल, तर अवश्य कळवावे. गाठ मात्र ज्याची त्यानेच मारायची.