लाइन गेली, लाइन लागली, लाइन बदलली

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, असे वर्गात विचारले की मुले लांबलचक शब्द शोधू लागतात. मान मात्र मिळतो बारक्या शब्दांना. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’चे ४३० अर्थ होते. पुढे २०११ मध्ये ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकले. पण आपल्या घरात राबतो तो तिसराच शब्द, ‘लाइन’.

माझ्या नणंदेचे सासर बुऱ्हाणपूरला, इतवाऱ्यात. (इतवार म्हणजे आदित्यवार. आपल्या आजीच्या तोंडचा आयतवार आणि विजापूरकडच्या कन्नडमधला ऐतवार हे त्याचेच भाऊ.) गाव मध्य प्रदेशात, पण मराठी घरोघर कळते. तिथे एका दिवसात हा शब्द किती रूपांत भेटावा! रेशनच्या दुकानापुढे लाइन. दुपारी लाइन गेली आणि गल्लीतल्या पॉवरलूमचा खडखडाट एकदम थांबला. मग लाइनमनची वाट पाहणे. भाचा येणार तो भुसावळ-खंडवा लाइनने. गल्लीतला कोण कोणाला लाइन मारतो, हे नणंदबाईंनी भाजी निवडता निवडता हळूच सांगितले, तेही ऐकले.

संध्याकाळी शेजारचे चाचा ओट्यावर येऊन बसले. सगळा जन्म मागावर गेलेला. धाकट्या मुलाचे विचारले तर म्हणाले, “वो अब इस लाइन में नहीं है.” आवाजात राग नव्हता. तीन मागांतले दोन विकले, तिसरा हात चालतात तोवर.

आता गंमत बघा. विणकराच्या तोंडी आलेला हा शब्द मुळात धाग्याचाच आहे. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या खोडापासून सूत निघते, त्या सुताची दोरी ती ‘लिनेआ’. गवंडी भिंत सरळ आहे का हे पाहायला दोरी ताणतो ना, तशी ताणलेली दोरी म्हणजे लाइन. दोरीवरून रेघ आली, रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, वंश, रूळ, तारा आणि शेवटी धंदा. लिनन कापड याच घरातले, कोटाचे लायनिंगही. आपल्याकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी असते, कन्नड घरात तिलाच अगसी चटणी म्हणतात. ताटातली ती चिमूटभर चटणीही लाइनच्या गोतावळ्यातलीच!

एवढ्या सगळ्यासाठी आपल्याकडे वेगवेगळे शब्द होते आणि आहेत. वहीतली रेघ, कवितेची ओळ, दुकानापुढची रांग. कन्नडमध्ये रेघ ती ‘गेरे’, रांग ती ‘सालु’. रस्त्याकडेला वडाची रांग लावणाऱ्या तिम्मक्कांना लोकांनी ‘सालुमरद’, म्हणजे झाडांच्या रांगेची, हेच नाव दिले; २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘लाइनची तिम्मक्का’ म्हणून पाहा बरे! लाइन सोयीचा शब्द आहे, मीही दिवसातून दहादा वापरते. पण एकच चमचा वरणाला, भाताला आणि ताकाला घातला की चव मिसळतेच.

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची गोष्टही रांगेचीच. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना तिथे असताना, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने गावाकडे आणले. वर ओळीने कुंड्या. कुठे पंप नाही, मोट नाही. तिला आज पाण्याची लाइन म्हणता येईल, हरकत नाही.

चाचांच्या वाक्याचे मात्र माझ्याने भाषांतर होईना. आपल्या घरांत मराठी ‘माग’ आणि कन्नड ‘मग्ग’ शेजारी नांदतात. आपला ताणाबाणा त्यांच्याकडे ‘हासुहोक्कु’ होतो. पण ‘या लाइनमध्ये नाही’ याला काय म्हणावे? धंदा म्हटले तर नुसता गल्ला डोळ्यांपुढे येतो. शेवटी शब्द सापडला तो कन्नडमध्ये, ‘कसुबु’. म्हणजे व्यवसाय. मूळ अरबी. तोच मराठीत आला आणि ‘कसब’ झाला, हातातले कौशल्य. एका भाषेने पोटाचा अर्थ ठेवला, दुसरीने हाताचा.

दुसऱ्या दिवशी चाचांना हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “कसब... हमारे अब्बा बोलते थे ये लफ्ज.” तेवढ्यात लाइन आली आणि ते उठून मागाकडे गेले.