‘बोलावे’ जिथे बसत नाही

सातारा जिल्ह्यातील सज्जनगडावर १६८२ मध्ये देह ठेवलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ ओवीत लिहिला. ‘मनाचे श्लोक’ मात्र, संख्येने २०५, भुजंगप्रयात या एकाच अक्षरगणवृत्तात बांधले. ओवीला अक्षरसंख्येचे बंधन नसल्यामुळे ती हवी तशी लांबते, आखडते आणि दीर्घ विवेचन पेलते. अक्षरगणवृत्तात याउलट कोणत्या जागी लघू म्हणजे एका मात्रेचे आणि कोणत्या जागी गुरू म्हणजे दोन मात्रांचे अक्षर यावे, हे आधीच ठरलेले असते. भुजंगप्रयाताच्या बारा अक्षरी चरणात, शाळेत ‘यमाचा’ या शब्दाने पाठ करून घेतला जाणारा य गण, म्हणजे एक लघू व दोन गुरू, चार वेळा येतो; सापाच्या वळणदार चालीवरून वृत्ताला हे नाव पडले.

पाठांतराच्या सोयीसाठी हे वृत्त घेतले, असे सांगून भागत नाही, कारण ओव्याही पाठ होतातच. खरे कारण मराठी व्याकरणाजवळ शोधावे लागते. ज्याला उपदेश करायचा ते ‘मना’ हे संबोधन लघू-गुरू आहे, निषेधाचा ‘नको’ही तसाच, म्हणजे चरणाचा आरंभ जणू त्यांच्यासाठीच राखलेला. कर्तव्य सांगणारी विध्यर्थी रूपे, ‘करावे’, ‘धरावे’, ‘वदावे’, ही तर प्रत्येकी अखंड य गण असून चरणाच्या शेवटी नेमकी बसतात. ‘बोलावे’ला मात्र तेथे थारा नाही: त्यात सलग तीन गुरू आहेत आणि या वृत्तात दोनांपेक्षा अधिक गुरू लागोपाठ येऊ शकत नाहीत. त्यामुळे नम्रपणे बोलावे असे मनाला सांगताना समर्थांना ‘वदावे’ म्हणावे लागते. ‘बोलणे’ हे गुरू-लघू-गुरू रूप मात्र त्याच श्लोकात सुखाने नांदते. विधी आणि निषेध या दोन्हींचे शब्द वृत्तालाच मानवले असताना उपदेश रुक्ष वाटत नाही, हे नवल नव्हे.

हा मेळ सर्वत्र आपोआप जमत नाही. पहिल्याच श्लोकात ‘अनंत’चे ‘आनंत’ झाले आहे, कारण त्या जागी लघू चालला नसता. अर्थाला धक्का न लावता स्वर लांबवण्याची ही मुभा जुन्या कवींनी मोकळेपणाने घेतली. समर्थांच्याच ज्या ‘भीमरूपी’ स्तोत्राने मारुतीला आळवले जाते, ते मात्र आठ अक्षरी चरणांच्या अनुष्टुभाच्या चालीचे. तेथे उपदेश नाही, देवतेच्या विशेषणांची रास आहे, आणि आखूड चरणांत ती एकावर एक रचली जाते.