जुलाबाची वाट पाहू नका

आईपासून तोडलेलं पाच-सहा महिन्यांचं शिंगरू चार दिवस मलूल राहिलं, दाण्यावरून तोंड फिरवू लागलं, तर कुणी फारसं मनावर घेत नाही. दूध तुटलं की असं व्हायचंच. मग केस राठ होतात, बरगड्या दिसू लागतात, पोट मात्र सुटतं. जंत असतील म्हणून जंताचं औषध पाजलं जातं. आणि एके सकाळी जबड्याखाली मऊ सूज दिसते. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. पोटाखाली, पायांवरही तशीच सूज येते. इथवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

हे काम लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस या जीवाणूचं असू शकतं. त्याने होणारा आतड्याचा आजार डुक्कर पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेत १९३१ साली त्याचं वर्णन झालं. शिंगरातली पहिली नोंद १९८२ची. जीवाणूला एडिंबराच्या गॉर्डन लॉसन यांचं नाव मिळालं ते १९९५ साली. घोड्यांमधला त्याचा बराचसा अभ्यास केंटकीतल्या स्टड फार्मवर झाला आहे.

त्याची करणी समजायला लहान आतड्याची आतली बाजू डोळ्यांसमोर आणावी लागते. तिथे बारीक अंकुर असतात आणि अंकुरांच्या मुळाशी खळगे. नव्या पेशी या खळग्यांत जन्मतात, हळूहळू अंकुरावर सरकतात, सरकता सरकता प्रौढ होतात आणि अन्नरस शोषायला लागतात. काही दिवसांनी गळून पडतात, त्यांची जागा पुढच्या घेतात.

लॉसोनिया नेमका खळग्यातल्या कोवळ्या पेशीत शिरतो आणि तिच्या आतच वाढतो. तो पेशीला मारत नाही. उलट ती विभागतच राहते, पण प्रौढ होत नाही. कारखान्यात रोज भरती व्हावी आणि एकालाही काम शिकवलं जाऊ नये, तशी गत. पेशींची गर्दी होते, आतड्याची भिंत जाड होते, अंकुर खुरटतात आणि शोषण मंदावतं. त्यातच रक्तातलं प्रथिन आतड्यात झिरपून वाया जातं. अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते घटलं की पाणी बाहेर ऊतींत उतरतं. जबड्याखालची सूज ती हीच.

म्हणूनच हा जुलाबाचा आजार समजणं धोक्याचं आहे. काही शिंगरांना जुलाब होतात, काहींना पोटशूळ, आणि कित्येकांची लीद अगदी नेहमीसारखी असते.

शिंगरू नेमकं याच वयात का सापडतं? आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती तोवर ओसरलेली असते. त्यात दूध तुटणं, खाणं बदलणं, नवा कळप यांचा ताण. जीवाणू विष्ठेतून पसरतो. उंदीर, ससे, डुकरं असे अनेक प्राणी तो बाळगू शकतात, त्यामुळे उघड्यावरचा दाणा आणि तबेल्यातले उंदीर हा किरकोळ मामला राहत नाही.

निदानाची सुरुवात साध्या रक्ततपासणीने होते: अल्ब्युमिन घसरलेलं दिसतं. सोनोग्राफीत लहान आतड्याची भिंत जाड दिसू शकते, पण ती तशी दिसली नाही म्हणून आजार नाही असं ठरत नाही. जीवाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, त्यामुळे लीद नेहमीच्या कल्चरला पाठवून उपयोग नाही. लिदेची पीसीआर आणि रक्तातली प्रतिपिंडं, दोन्ही तपासावीत. नमुना प्रतिजैविकाआधीच घ्यावा, नाहीतर पीसीआर खोटा दिलासा देते.

औषध पेशीच्या आत पोहोचणारं लागतं. टेट्रासायक्लीन गटातली औषधं, किंवा मॅक्रोलाइड आणि रिफाम्पिसिनची जोडी, साधारण दोन-तीन आठवडे चालते. अल्ब्युमिन फारच खाली गेलं असेल तर प्लाझ्मा द्यावा लागतो. हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. टेट्रासायक्लीन गटातलं डॉक्सिसायक्लीन घोड्याच्या शिरेतून दिलं तर घोडा जागीच कोसळू शकतो. एरिथ्रोमायसिन या मॅक्रोलाइडवर असलेल्या शिंगराचं अंग कडक उन्हात भयंकर तापू शकतं, त्याला सावलीतच ठेवावं लागतं. आणि तेच औषध मोठ्या घोड्याच्या पोटात गेलं तर मोठ्या आतड्याचा जीवघेणा दाह होऊ शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सावलीची ही गरज विसरून चालणार नाही.

वेळेवर उपचार मिळालेली बहुतेक शिंगरं वाचतात. भूक आणि तरतरी आधी परतते. अल्ब्युमिन आणि वजन भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. केंटकीत आजारातून उठलेली शिंगरं पुढे लिलावात त्यांच्याच बापाच्या इतर पिल्लांपेक्षा कमी किमतीला गेल्याचं दिसलं. डुकरांसाठी बनवलेली लस गुदद्वारातून देऊन शिंगरांना संरक्षण मिळतं का, हेही तपासलं गेलं आणि निकाल आशादायक आले. पण ती लस घोड्यांसाठी म्हणून बनवलेली नाही.

एका शिंगराला हा आजार निघाला तर त्याच्या वयाच्या सगळ्या शिंगरांचं रक्त तपासून घ्या आणि दूध तोडल्यानंतरचे काही महिने ती तपासणी अधूनमधून करत राहा. अल्ब्युमिनची घसरण सुजेच्या आधी दिसते, आणि ही तपासणी प्लाझ्माच्या एका पिशवीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.