ऑक्टोबरचा पाऊस, खळ्यावरचे भात आणि देशाचे संरक्षण

शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताची कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. या दिवसांत आकाश निवळावे आणि कापलेले भात खाचरातच वाळावे, हा जुना क्रम. २०१९ साली तो पार मोडला. वायव्य भारतातून मान्सून परतू लागण्यासच त्या वर्षी ९ ऑक्टोबर उजाडला. तोवर इतका उशीर कधी नोंदला गेला नव्हता. महिनाअखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले. ऐन दिवाळीत पाऊस राहिला, भात आडवे झाले, दाण्यांना मोड आले आणि गुरांचा पेंढाही कुजला.

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तीत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प सामावते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा झोडपून पडतो.

ही हानी दोन तालुक्यांपुरती मानणे चुकीचे ठरेल. १९६५ साली सीमेवर युद्ध आणि देशात अवर्षण अशी दुहेरी आपत्ती आली, तेव्हा अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसावे लागले. अन्नाचा प्रश्न त्या वेळी संरक्षणाचाच प्रश्न होता. पुढे देश तांदळाचा मोठा निर्यातदार झाला. तरीही २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवावी लागली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली.

शेतकरी बंधूंनी सर्व खाचरांत एकच वाण लावू नये. उंचवट्यावर ‘कर्जत-३’सारखे हळवे, खोलगट खाचरांत निमगरवे व गरवे भात घेतल्यास कापणी निरनिराळ्या आठवड्यांत येते. हळव्या भातानेच सुटका होते असे मात्र नव्हे; लांबलेला पाऊस पुष्कळदा त्यालाच गाठतो. लोंबीतील बहुतेक दाणे पिवळे होताच कापणी करावी. ओले भारे उडवीत रचू नयेत, ते आतून तापतात. उंच जागी पसरून शक्य तितक्या लवकर झोडावेत. वरकस जमिनीवरील नाचणी सोडून देऊ नये. तिला साठवणीत कीड सहसा लागत नाही व ती कणगीत वर्षानुवर्षे टिकते.

भिजलेले भात बियाण्यासाठी ठेवण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उगवण तपासून दाखवावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याने अंकुर मोजावेत. ८० पेक्षा कमी भरल्यास ते भात खाण्यास वापरावे व बियाणे दुसरे आणावे.