नदी उजव्या हाताला

फोनमधल्या नकाशाला ओंकारेश्वराहून भरूचची वाट विचारली, तर तो क्षणात निळी रेघ ओढून देतो. ती रेघ वाटेतल्या कुठल्या तरी पुलावरून बिनदिक्कत नर्मदा ओलांडते. नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालायला, म्हणजे परिक्रमेला, निघालेल्याने त्या रेघेवर विश्वास ठेवला, तर त्याची परिक्रमा त्या पुलावरच खंडित होते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचा प्रवाह कुठेही ओलांडायचा नाही, या दोन नियमांवर नर्मदेची वाट ठरते. अधूनमधून एखाद्या आश्रमाची पाटी दिसते. पण इथून तिथवर सलग आखलेला, खुणा केलेला असा मार्ग नाही.

मराठी माणसाला पायी यात्रा म्हटलं की वारी आठवते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. वारीत पालखीचं वेळापत्रक आधी छापून येतं. मुक्काम, विसावे, रिंगणाची ठिकाणं सगळं ठरलेलं असतं. आपण दिंडीत शिरायचं आणि चालायचं. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेतही झाडांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवलेले आहेत, तेच चालणाऱ्याला पुढे नेतात. नर्मदेकाठी असं काहीच नसतं. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’, भारती ठाकूर यांचं परिक्रमेवरचं पुस्तक यांनी हजारो मराठी वाचकांच्या मनात ही ओढ लावली. पण यांतलं एकही पुस्तक मार्गदर्शिका म्हणून झोळीत टाकण्यासारखं नाही. त्या पुस्तकांतल्या काही वाटा तर आज पाण्याखाली आहेत.

आधी हिशेब पाहू. अमरकंटकला उगम पावून खंबातच्या आखाताला मिळेपर्यंत नर्मदा 1,312 किलोमीटर वाहते. दोन्ही काठ धरले तर 2,600 च्या वर. प्रत्यक्ष चाल त्याहून बरीच जास्त भरते, कारण उपनद्या. त्या ओलांडायला परवानगी असते, पण प्रत्येकीच्या मुखाशी उतार मिळेलच असं नाही. तवा, हिरण, ओरसंग, करजण अशा नद्यांच्या काठाने पूल किंवा उतार सापडेपर्यंत आत जावं लागतं आणि पलीकडून पुन्हा नर्मदेकडे यावं लागतं. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांनी 30 सप्टेंबर 2017 रोजी बरमान घाटावरून परिक्रमा सुरू केली आणि 9 एप्रिल 2018 रोजी तिथेच पूर्ण केली. 192 दिवसांत सुमारे 3,300 किलोमीटर, म्हणजे सरासरी रोजचे सतरा. दिमतीला माणसं असूनही सतरा! रोज तीस किलोमीटरचा तक्ता घरी बसून करणाऱ्यांनी हा आकडा पाहून घ्यावा.

मग नियोजन करायचं कशाचं? वाटेचं फारसं करता येत नाही, दिनदर्शिकेचं मात्र काटेकोर करावं लागतं.

परंपरेने परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. आज तेवढा वेळ काढणारे विरळा. पण एक जुना नियम अजून पाळला जातो: चातुर्मासात चालायचं नाही, जिथे असू तिथे थांबायचं. त्यामुळे कार्तिकी एकादशीनंतर निघून आषाढी एकादशीच्या आत पूर्ण करायची, तर हातात साधारण आठ महिने असतात. या नियमामागे भूगोलही आहे. पावसाळ्यात उपनद्या दुथडी वाहतात, काठावरची काळी माती पाय उचलू देत नाही आणि नर्मदेचा पूर एका रात्रीत घाट गिळतो. निघायची जागा कोणतीही चालते, पण ती निवडताना पुढचे ऋतू मोजावे लागतात. ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावरून कार्तिकात निघालेला माणूस आधी पश्चिमेला समुद्राकडे जातो, मग उत्तर तटाने पूर्वेकडे वळतो. थंडीचा कडाका ओसरल्यावर तो अमरकंटकला पोचतो. हजार मीटरपेक्षा उंच त्या पठारावर भर पौषात पडवीत झोपण्यापेक्षा हे बरं. त्याची किंमत शेवटी मोजावी लागते, कारण परतीचा दक्षिण तट चैत्र-वैशाखाच्या उन्हात येतो आणि तेव्हा पहाटे चारला निघून दहाच्या आत पाय थांबवण्याला पर्याय नसतो.

ओंकारेश्वराहून निघणाऱ्यासाठी आणखी एक बारीक गोष्ट. ज्योतिर्लिंगाचं दर्शन संकल्पाच्या आधीच घ्यायचं. मंदिर मांधाता बेटावर, म्हणजे नदीच्या दोन धारांच्या मध्ये आहे. एकदा संकल्प सोडला की परिक्रमा संपेपर्यंत तिथे पाऊल ठेवता येत नाही.

या वाटेचा सगळ्यात अवघड प्रश्न मात्र ना ऋतूंचा, ना श्रद्धेचा. तो धरणांचा आहे. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, महेश्वर आणि सरदार सरोवर अशी पाच मोठी बांधकामं मुख्य नदीवर उभी राहिली. जिथे काठ होता तिथे जलाशय पसरले. इंदिरा सागरच्या पाण्यात 2004 मध्ये हरसूद हे अख्खं गाव गेलं. तो जलाशय नऊशे चौरस किलोमीटरहून मोठा आहे, त्याच्या फुगवट्याची बोटं उपनद्यांच्या खोऱ्यांत दूरवर शिरली आहेत. तिथे ‘नदीच्या काठाने’ चालणं म्हणजे दिवसचे दिवस नदी न बघता डांबरी रस्त्याने चालणं. सरदार सरोवर सप्टेंबर 2019 मध्ये पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. पावसाळ्यानंतर ते काठोकाठ असतं आणि उन्हाळ्यात उतरतं, त्यामुळे कुणी वैशाखात चाललेली काठाची वाट दुसऱ्याला कार्तिकात मिळेलच असं नाही. ओळखीच्या परिक्रमावासीने वाट सांगितली तर ‘कोणत्या महिन्यात गेला होतात?’ हे आधी विचारावं.

याच जलाशयाच्या दक्षिणेला महाराष्ट्र येतो. नर्मदा आपल्या राज्याला फक्त नंदुरबार जिल्ह्यात, जेमतेम 54 किलोमीटर स्पर्श करते. पण परिक्रमेतला सर्वांत गाजलेला टप्पा, शूलपाणीची झाडी, हाच. एकेकाळी इथे यात्रेकरूंना लुटून लंगोटीवर सोडत. पुस्तकांमधून ती दहशत अजून टिकून आहे, पण प्रत्यक्षात आज याच सातपुड्यातल्या आदिवासी घरांत परिक्रमावासीयांना भाकरी आणि निजायला जागा मिळते. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर बुडालं, नवं गुजरातेत गोऱ्याला बांधलं.

इथे दोन पर्याय असतात. एक आतला: बिलगाव, धडगाव, मोलगी असं करत डोंगर चढत-उतरत माथासरवरून गोऱ्याला. दुसरा सडकेचा: खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, मग डेडियापाडा आणि राजपिपला. गंमत अशी की सडकेने जाणारा प्रकाशाला चक्क तापीच्या काठी पोचतो. नर्मदा आणि त्याच्यामध्ये सातपुडा उभा, तरी ती उजव्याच हाताला असते, म्हणून नियम मोडत नाही. गुडघे कुरकुरत असतील, सोबत वयस्कर माणूस असेल, तर लाज न बाळगता सडक धरावी. आतली वाट धरलीच, तर वाटेत दुकान, दवाखाना आणि फोनची रेंज नाही असं समजूनच तयारी करावी.

समुद्राशी तर निसर्गाचंच वेळापत्रक चालतं. दक्षिण तटावर भरूच जिल्ह्यातल्या विमलेश्वर-कठपोर भागातून नाव निघते आणि उत्तर तटावर मिठी तलाईला लागते. संपूर्ण परिक्रमेत पाण्यातून नर्मदेच्या पलीकडच्या तटाला जायची सोय इथेच, तीही नदी संपून समुद्र सुरू होतो म्हणून. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो, आणि नाव भरतीच्या वेळेवरच निघते, मग ती दुपारची असो की मध्यरात्रीची. प्रवासी पुरेसे जमेपर्यंतही थांबावं लागतं. इथे दोन-तीन दिवस हातचे ठेवावेत. पुढच्या महिन्याचं परतीचं तिकीट आधीच काढून बसलेली माणसं इथेच पहिल्यांदा कासावीस होतात.

पाठीवर काय घ्यायचं, याची यादी जितकी लहान तितकी चांगली. दोन जोड कपडे, घोंगडी किंवा हलकं पांघरूण, ताट-पेला, टॉर्च, पायांसाठी मलम, नेहमीची औषधं, आधारकार्ड आणि एक वही. ओंकारेश्वरला परिक्रमावासीचा दाखला करून घेतात, आणि पुढे आश्रमांचे, ग्रामपंचायतींचे शिक्के वहीत घेत जातात. अनोळखी गावात रात्री दार ठोठावणाऱ्याला तेवढी ओळख पुरते. नर्मदाजलाची कुपी सगळ्यात जपायची. शिधा मात्र वाहायचा नाही. काठावर सदाव्रताची जुनी रीत आहे: आश्रमात किंवा घरी पीठ, डाळ, तांदूळ मिळतो, तो आपण शिजवायचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी तयार जेवणच वाढतात, ‘भोजनप्रसादी’. सकाळचा चहा ‘बालभोग’ होतो, पथारी टाकण्याला ‘आसन लावणं’ म्हणतात, आणि यजमान ‘किती मूर्ती?’ असं विचारतो तेव्हा त्याला किती माणसं जेवणार हे जाणून घ्यायचं असतं. मोठ्या घोळक्याला लहान पाड्यावर जागा मिळणं कठीण जातं. दोघं-तिघं ही संख्या बरी. भारती ठाकूर 2005-06 मध्ये चालल्या त्या मैत्रिणींच्या सोबतीने.

रोजची वाट शेवटी विचारतच काढायची असते, आणि कुणाला विचारायचं हेही ठरवून ठेवावं. चौकातला दुकानदार हमखास डांबरी रस्ता दाखवतो, कारण तो स्वतः मोटारसायकलने फिरतो. गुराख्याला, मासेमाऱ्याला, सरपण आणणाऱ्या बाईला पायवाट ठाऊक असते. त्यांना ‘अमरकंटक कुठे?’ विचारून उपयोग नाही, पुढच्या गावाचं नाव विचारावं. निमाडी, भिलाली, गुजराती, बुंदेली अशा भाषा बदलत जातात, पण ‘नर्मदे हर’ एवढं म्हटलं की बोलणं सुरू होतं. फोनमधला नकाशा टाकाऊ नाही. उपग्रहाचं चित्र पाहून फुगवटा कुठवर आलाय, उपनदीवर पूल कुठे आहे, हे आदल्या रात्री समजून घ्यावं. फक्त त्याला रस्ता विचारू नये.

सलग सहा महिने ज्याला मिळणारच नाहीत, त्याने काय करावं? अलीकडे चैत्रात गुजरातेतल्या तिलकवाडा-रामपुरा भागातली उत्तरवाहिनी परिक्रमा महाराष्ट्रातून जाणाऱ्यांत फार लोकप्रिय झाली आहे. नदी उत्तरेला वळते तेवढ्याच तुकड्याची, साधारण 21 किलोमीटरची ही फेरी एका दिवसात होते, आणि गर्दीमुळे तिथे वाट चुकायची भीती उरलेली नाही. दुसरा मार्ग जबलपूरच्या अमृतलाल वेगड यांचा. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेल्या या चित्रकाराने 1977 मध्ये चालायला सुरुवात केली ती तुकड्यातुकड्याने. सवड मिळाली की जायचं, मागच्या खेपेला जिथे थांबलो तिथून पुढे चालायचं, चित्रं काढायची, घरी यायचं. अशी कितीतरी वर्षं गेली. कर्मठांना ही पद्धत मान्य नाही, पण नोकरी सांभाळून, दरवर्षी पंधरा दिवसांची रजा टाकून याच रीतीने चालणारे लोक आहेत. त्यांना एकच गोष्ट चोख लिहून ठेवावी लागते: मागच्या वर्षी कोणत्या गावात, कोणत्या तटावर पाऊल थांबलं होतं.