झोपेत दात खाणारी माणसं

निजानीज : लेखांक ७

ज्याचे दात झिजतात त्याला आवाज ऐकू येत नाही आणि ज्याची झोप मोडते त्याचे दात शाबूत असतात. म्हणून ही तक्रार घेऊन दवाखान्यात बहुधा जोडीच येते. खुर्चीत नवरा, बोलणारी बायको. "डॉक्टर, रात्रभर कराकरा दात खातात हे. मी उठून बसते." नवरा छताकडे बघत म्हणतो, "छे हो, मी तर शांत झोपतो." दोघंही खरं बोलत असतात. एकट्याने राहणाऱ्याला हे वर्षानुवर्षं कळत नाही. कळतं ते लग्नघरी, हॉलभर गाद्या टाकून सगळे पाहुणे ओळीने झोपतात तेव्हा, नाहीतर होस्टेलवर नवा रूम-पार्टनर आला की.

आधी मुलांचं उरकून घेऊ, कारण त्यांच्याबाबत आजीचा निकाल तयार असतो : "पोटात जंत झालेत त्याच्या." शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीला, अल्बेंडाझोलची गोळी चघळून आलेली मुलंही पुढे दात खातच राहतात. जंत आणि दात खाणं या दोन्ही गोष्टी एकाच वयात भरपूर आढळतात, म्हणून लोकांनी त्यांची गाठ मारली. एकामुळे दुसरं होतं याला भरवशाचा पुरावा नाही. गोळी जरूर द्या, पण ती जंतांसाठी. सहा-सात वर्षांच्या मुलाने रात्री दात खाल्ले तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. दुधाचे दात सपाट होतात, पडतात, नवे येतात, आणि वयात येईपर्यंत पुष्कळांचं दात खाणं आपोआप थांबतं. मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, सकाळी उठताना चिडचिड करत असेल तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टॉन्सिल आणि ॲडेनॉइड दाखवून घ्या. तिथे खरं काहीतरी सापडू शकतं.

आता मोठी माणसं. झोपेत दात खाणाऱ्या प्रौढांचं प्रमाण साधारण ८ टक्के धरतात. साठीनंतर ते बरंच उतरतं. हे आकडे बहुतांशी लोकांनी स्वतः किंवा घरच्यांनी सांगितल्यावरून आलेले आहेत हे ध्यानात ठेवायचं. आवाज न करता नुसता जबडा घट्ट आवळून झोपणारे त्यात धरलेच जात नाहीत, आणि दात आवळणंही घासण्याइतकंच महागात पडू शकतं.

रात्री नेमकं होतं काय? झोपेच्या पायऱ्यांबद्दल आपण या लेखमालेत आधी बोललो आहोत. चांगल्या निरोगी झोपेतही मेंदू तासाला आठ-दहा, कधी पंधरा वेळा काही सेकंदांपुरता जागेपणाच्या काठावर येतो आणि परत बुडतो. आपल्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. दात खाण्याचे बहुतेक झटके या निसटत्या जागेपणाला चिकटून येतात, आणि तेही मुख्यतः उथळ झोपेत. प्रयोगशाळेत तारा लावून झोपवलेल्या माणसांत हा क्रम टिपला गेला आहे. दात एकमेकांवर घासण्याच्या काही मिनिटं आधीच हृदयाला पळवणारी मज्जासंस्था चढू लागते. मग, झटक्याच्या साधारण चार सेकंद आधी, मेंदूच्या लहरी बदलतात. पाठोपाठ नाडी वाढते, श्वास खोल होतो. जबडा उघडणारे हनुवटीखालचे स्नायू हलतात. सगळ्यात शेवटी गालातला मॅसेटर आवळतो आणि सेकंदाला एक अशा लयीत दात घासले जातात. बऱ्याचदा त्यानंतर माणूस आवंढा गिळतो आणि पुन्हा शांत होतो.

म्हणजे दात हे या साखळीचं शेवटचं टोक. सुरुवात वर, मेंदूत आणि हृदयाच्या तालात होते. आणखी एक गंमत अशी की जबड्याच्या स्नायूंची ही लयबद्ध हालचाल निम्म्याहून अधिक निरोगी माणसांतही झोपेत दिसते, फक्त त्यांचे दात एकमेकांवर घासत नाहीत. दात खाणाऱ्यांत ती अधिक वेळा आणि अधिक जोराने होते.

हे कळायला आमच्या धंद्याला फार वेळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यावर दंतवैद्यांची ठाम समजूत होती की दातांची ठेवण चुकीची असली, एखादी दाढ उंच लागत असली, की माणूस ती घासून काढायला बघतो. त्यामुळे उपाय सरळ होता : निळा कागद चावायला द्यायचा, जिथे ठिपका उठेल तिथे ड्रिलने दात घासायचा. कित्येकांचे धडधाकट दात असे कमी करून टाकले, आणि ती माणसं घरी जाऊन रात्री उरलेले दात खात राहिली. पुढे माँट्रियलच्या जिल लव्हीन्य यांच्यासारख्या संशोधकांनी झोपेच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि वरचा सगळा क्रम उलगडला. २०१८ साली या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तर असं मांडलं की एरवी निरोगी असलेल्या माणसात दात खाण्याला आजार म्हणू नये. ती स्नायूंची एक वागणूक आहे, कधी निरुपद्रवी, कधी त्रासाचं कारण. मला हे पटतं. तरीही दात खातो म्हटल्याबरोबर दातांवर ड्रिल चालवायला निघणारे अजून आहेत. तसं कोणी सुचवलं तर दुसरा सल्ला घ्या.

झीज कशी दिसते ते सांगतो. संशय आला की मी वरच्या-खालच्या दातांची मापं घेऊन प्लास्टरची मॉडेल बनवतो. सुळ्याला टोक असतं. दात खाणाऱ्याचा सुळा कापल्यासारखा सपाट होतो. खालचं मॉडेल हातात घेऊन हळूहळू उजवीकडे सरकवत न्यायचं. दाढा सुटतात, पुढचे दात सुटतात, आणि एका जागी खालच्या सुळ्याचा सपाट भाग वरच्याच्या सपाट भागावर असा बसतो की मध्ये कागद जाऊ नये. मग पेशंटच्या हातात आरसा देऊन म्हणायचं, "जबडा इथवर आणून दाखवा." त्याला ते धड जमत नाही. गाल ताणला जातो, हनुवटी थरथरते. "असं तोंड मी कशाला करीन, डॉक्टर?" जागेपणी कधीच करत नाही, हे खरंच आहे. पण झीज नेमकी तिथलीच आहे. झोपेतला जोर काही जणांत इतका असतो की जागेपणी मुद्दाम कितीही चावलं तरी तेवढा लागत नाही. दातांवर भार वाढला की स्नायूंना सैल सोडायला लावणारा जो बंदोबस्त दिवसा चोख असतो, तो रात्री ढिला पडतो.

बाकी खुणा घरच्या आरशातही दिसतात. जिभेच्या कडेला दातांचे खाचे उमटलेले, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरट वळ, जबड्याच्या कोपऱ्यात चावल्यावर हाताला लागणारा टणक गोळा. सकाळी कानशिलं जड, जबडा आखडलेला. दातांना गार पाणी लागतं, सिमेंट वारंवार निखळतं. मात्र झीज आणि दुखणं यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. दात अर्धे झिजलेला माणूस मजेत असतो, आणि ज्याच्या दातांवर ओरखडाही नाही त्याचा जबडा ठणकतो.

आपल्याकडे झीज तपासताना आणखी दोन गोष्टी विचाराव्याच लागतात. मिश्री लावणाऱ्या बायकांचे दात बाहेरच्या अंगाने, हिरडीजवळ घासलेले असतात. ते झोपेतलं काम नव्हे. आणि दिवसभर सुपारी किंवा गुटखा चघळणाऱ्याच्या दाढा वरून सपाट झालेल्या असतात, गालाचे स्नायूही फुगलेले असतात. त्याला रात्रीचा उपाय देऊन उपयोग नाही.

कारणांमध्ये टेन्शनचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. संबंध आहे, पण लोक समजतात तितका सरळ नाही. काळजीत असलेला माणूस दिवसा दात आवळतो हे जास्त पक्कं आहे. रात्रीच्या झटक्यांना सिगारेट, दारू, संध्याकाळनंतरची कॉफी यांचा हातभार लागतो. आनुवंशिकताही दिसते, बाप दात खायचा, मुलगा खातो. नैराश्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिन, सुरू झाल्यावर काहींचं दात खाणं सुरू होतं. तसं वाटलं तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दातांपेक्षा तो धोका मोठा आहे.

आणि घोरणं. गेल्या आठवड्याचा विषय इथे परत येतो. मध्यंतरी एक गृहस्थ दाढेची कॅप पुन्हा फुटली म्हणून आले. मान आखूड, जाड. सिग्नलला गाडी थांबली तरी डुलकी लागते म्हणाले. बायकोने जे सांगितलं ते कुठल्याही एक्स-रेपेक्षा कामाचं होतं : "आधी घोरतात. मग एकदम चिडीचूप. मग घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतात, आणि मग दात." श्वास अडला, मेंदू खडबडून काठावर आला, पाठोपाठ जबडा हलला. त्यांना कॅप नंतर, आधी झोपेची तपासणी करायला पाठवलं. स्लीप ॲप्निया निघाला. रात्री हवेच्या दाबाचं मशीन लावायला लागल्यावर दात खाणं बरंच कमी झालं. दात खाणाऱ्या प्रत्येकाला ॲप्निया असतो असं नाही. पण विचारायचं राहून गेलं तर नुकसान होतं, कारण वरच्या दातांवर बसवायचं साधं नाइट गार्ड अशा काही पेशंटांत श्वासाचा अडथळा वाढवू शकतं.

नाइट गार्ड हा लोकांना माहीत असलेला उपाय, आणि त्याबद्दलचा गैरसमजही तितकाच पसरलेला. गार्डने दात खाणं थांबत नाही. हेल्मेटने अपघात टळत नाही, डोकं वाचतं, तसंच हे. काहींचे झटके सुरुवातीला कमी होतात, काही आठवड्यांनी पूर्ववत होतात; फक्त आता इनॅमलऐवजी ॲक्रिलिक झिजतं, आणि ते बदलता येतं. इनॅमल पुन्हा उगवत नाही. मापाने बनवलेलं कडक गार्ड घ्यावं. माप देताना गुलाबी लगदा घशाकडे सरकतो आणि उमासे येतात. नाकाने श्वास घ्या, मान किंचित पुढे झुकवा, मिनिटा-दोन मिनिटांत सुटका होते. ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात बुडवून चावायचं मऊ गार्ड स्वस्त पडतं, पण मऊ वस्तू तोंडात आली की काहींचा जबडा ती चघळायलाच लागतो. पहिले काही दिवस लाळ फार सुटते आणि झोपेत गार्ड काढून उशीखाली ठेवलं जातं. ठेवू द्या, परत घाला. धुवायला गार पाणी. उकळतं पाणी टाकलं की ते वेडंवाकडं झालंच म्हणून समजा. आणि दर सहा महिन्यांनी घेऊन या, झिजलं कुठे ते बघता येतं.

बोटॉक्सचं हल्ली फार विचारतात. मॅसेटरमध्ये इंजेक्शन दिल्यावर जोर कमी होतो, दुखणं हलकं पडतं, तीन-चार महिन्यांत असर ओसरतो. झटके येतच राहतात, ताकद तेवढी उतरते. खर्च बराच आहे. जबडा खरोखर असह्य दुखत असेल आणि बाकी करून झालं असेल तरच मी त्या वाटेला जाईन.

रात्रीवर आपला ताबा नाही, दिवसावर आहे. हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का, पाहा. टेकलेले असतील तर ते तसे असायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला अलगद लागलेलं, ही जबड्याच्या विसाव्याची जागा. दिवसभराचं खाणं-गिळणं धरून दात एकमेकांना लागायचा वेळ सगळा मिळून वीसेक मिनिटं भरतो असं आमच्या पुस्तकांत असतं. दुचाकीवर ट्रॅफिकमध्ये, फोडणी देताना, एक्सेलच्या रकान्यांवर मान घालून आपण तो केव्हाच ओलांडतो. आठवण राहावी म्हणून मी पेशंटांना टिकली लावायला सांगतो : एक कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात, एक स्कूटरच्या आरशावर, एक गॅसच्या ओट्यासमोरच्या टाइलवर. टिकली दिसली की दात सोडायचे, खांदे सोडायचे. (आमच्याकडच्या बाथरूमच्या आरशावर टिकल्यांची कायमची वस्ती आहे, त्यामुळे तिथे हा उपाय बाद.) दिवसा आवळण्याची सवय सुटली की सकाळचं दुखणं पुष्कळांत उतरतं, रात्रीचे झटके तेवढेच राहिले तरीही. जबडा फार आखडला असेल तर गरम कापडाने शेक द्या, पंधराएक दिवस चिक्की, मक्याचं कणीस आणि च्युइंगगम बाजूला ठेवा.

शेजारी झोपणाऱ्यांसाठी : दात खाणाऱ्याला हलवून उठवू नका, झटका काही सेकंदांत आपणच संपतो. त्याऐवजी फोनवर आवाज टिपा, रात्रीच्या दोन-तीन वेगवेगळ्या वेळी, पाच-पाच मिनिटं. आधी घोरणं आहे का, मध्ये शांतता पडते का, श्वास घुसमटतो का, हे त्यात ऐकू येतं. दाखवायला जाल तेव्हा औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत ती क्लिप घेऊन जा, आणि डॉक्टरांनी ती पूर्ण ऐकल्याशिवाय कॅपचा विषय काढू देऊ नका.