रापणीची दोरी

निपाणीची तंबाखूची शेते मागे टाकून आम्ही एकटेच मोटारसायकलीवर देवगडच्या रस्त्यास लागलो. गळ्यात कॅमेरा होता. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट ओलांडून समुद्र गाठला व किनाऱ्याने मालवणास आलो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्गाची चित्रे मनाजोगती निघाली.

पुढे वाळूवर मात्र, वाचकहो, निराळेच दृश्य होते. होडीने अर्धवर्तुळात सोडलेली रापण बायाबापड्यांच्या दोन रांगा ओढीत होत्या. आम्ही कॅमेरा सरसावला, तोच एक वृद्ध गरजले, "फोटो मगे काढा, आदी दोरी धरा!" धरली. बराच वेळ ओढून हाती आली थोडी तारली नि मोजके बांगडे. यांत्रिक पर्ससीन नौका माशांच्या झुंडी बाहेरच उचलतात, मग काठाशी येणार काय, असे ते म्हणाले. तरीही रीतीप्रमाणे वाटे पडले आणि एक आमच्यापुढेही आला. इतक्या थोड्यातला घ्यावा कसा? पण नाकारणे त्यांस अपमानाचे वाटले असते. घेतला.

आंबोलीचा घाट चढताना तळहातावरील फोडांमुळे क्लच दाबवेना. बेळगावी पोहोचून चित्रे पाहिली: किल्ल्याची एकवीस, रापणीचे एकही नाही.